पत्र आधी मालक वाचतो

पंधरा वर्षांची एक मोलकरीण आईबापांना पैसे पाठवते. सोन्याच्या चार गिनी आणि थोडी चांदीची नाणी. ज्यांच्या सेवेत ती होती त्या बाईसाहेब वारल्या. मरता मरता त्यांनी ‘या पोरीकडे लक्ष दे’ म्हणून मुलाला सांगितलं, आणि त्या मुलाने, म्हणजे आता घराच्या मालकाने, आईच्या खिशात सापडलेले हे पैसे तिला दिले. पोरगी हुशार. बाईसाहेबांच्या औषधाच्या गोळ्यांची एक डबी घेते, नाणी खुळखुळू नयेत म्हणून कागदात घट्ट गुंडाळते, डबी बंद करून त्या वाटेने निघालेल्या जॉन नावाच्या नोकराकडे देते. आपण काय नेतोय हे जॉनला ठाऊक नाही. त्याच्यादेखत उघडू नका, असं पत्रात बजावायलाही ती विसरत नाही.

घरी अठराविश्वे दारिद्र्य. बाप मजुरी करतो, आई सूत कातते, डोक्यावर कर्ज. आणि तरी ती डबी उघडल्यावर दोघांच्या पोटात गोळा येतो. मालकाने हिला एवढे पैसे का द्यावेत? ते पैशाला हात लावत नाहीत. चिंधीत बांधून छपराच्या गवतात खोचून ठेवतात. मुलीला उलटटपाली लिहितात की तुला चिंध्यांमध्ये बघू, एक वेळ तुझ्यामागून कबरस्तानापर्यंत चालत येऊ, पण आमच्या लेकीने सुखापायी शील घालवलं हे ऐकायची वेळ आणू नकोस.

सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ अशी सुरू होते. साल 1740. इंग्रजी कादंबरी अजून धड पायावर उभी राहिलेली नव्हती, आणि तिच्या पहिल्याच काही पानांत बाप लेकीला सांगतो आहे की मेलीस तरी चालेल. वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही, हे आधी सांगून टाकते.

त्या पहिल्याच पत्राला एक ताजा कलम आहे. ती पत्र लिहीत असताना मालक खोलीत येतो. ती घाबरून कागद पोलक्यात लपवते, तो हसून मागतो, वाचतो, आणि ‘अक्षर छान आहे तुझं’ म्हणून परत देतो. पुढची सगळी कादंबरी या ताज्या कलमात आहे असं मला वाटतं. लिहिलं आईबापांना, वाचलं आधी मालकाने.

रिचर्डसन हा कुणी उमराव नव्हता. सुताराचा मुलगा, धंद्याने छापखानेवाला. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटलगतच्या सॅलिसबरी कोर्टात त्याचा छापखाना होता. लहानपणी गावातल्या तरुण मुलींना तो प्रेमपत्रांची उत्तरं लिहून द्यायचा. तेरा वर्षांचा मुलगा, आणि तीन मुली त्याच्याजवळ वेगवेगळ्या येऊन मनातलं सांगायच्या; एकीचं दुसरीला कळू न देता हा प्रत्येकीसाठी लिहायचा. बायका काय लिहितात, काय खोडतात आणि खोडलेलं पुन्हा का लिहितात, याचं शिक्षण त्याचं असं झालं. पन्नाशीत दोन पुस्तकविक्रेत्यांनी त्याला सामान्य लोकांसाठी पत्रलेखनाचा नमुनासंग्रह करायला सांगितला. त्यात एक पत्र होतं बापाचं, मोलकरीण असलेल्या मुलीला: मालकाची नजर वाईट आहे, घरी निघून ये. तेवढ्या एका नमुन्यातून कादंबरी फुटली. 10 नोव्हेंबर 1739 ला त्याने लिहायला घेतलं आणि 10 जानेवारी 1740 ला संपवलं. दोन महिने, धंदा सांभाळून.

नमुन्यातल्या मुलीला घरी निघून ये म्हणणं सोपं होतं. कादंबरीतली निघत नाही, आणि वाचक तिथेच अडतो. मालक, ज्याचं नाव आपल्याला फक्त ‘मिस्टर बी’ एवढंच कळतं, बागेतल्या मांडवात तिला धरतो, रेशमी मोजे देऊन वर ‘लाजतेस काय, मुली मोजे घालतात हे मला माहीत नाही का’ म्हणतो, तिच्या खोलीतल्या कपाटात लपून बसतो. आणि पामेला? ती त्याच्या वेस्टकोटावर फुलांचं भरतकाम करत थांबलेली आहे. ते पुरं झालं की जाईन म्हणते. या वेस्टकोटावरून टीकाकारांनी तिची यथेच्छ टर उडवली आहे. हिला जायचंच नव्हतं, भरतकाम हे निमित्त, असा एकंदर सूर.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना मी ही गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगत होते. मी फोनवर एवढं काय वाचते, असं त्यांनीच विचारलं होतं. वेस्टकोटापाशी आल्यावर मी मुद्दाम थांबले आणि म्हटलं, “बघा ना मावशी, एवढं होऊनही ही बया कोट भरत बसलीये.” त्यांनी तव्यावरची पोळी उलटली.

“अर्धं काम टाकून गेली तर पुढच्या घरी काय सांगेल ताई? पगार दिलावता का तिचा?”

पगाराचा प्रश्न मला कुठल्याही टीकेत भेटला नव्हता. पुन्हा चाळून पाहिलं तर पामेलाला तो प्रश्न अगदी नीट पडलेला आहे. तिला बाईसाहेबांचे जुने उंची कपडे मिळतात. ते अंगावर घेऊन झोपडीत परतलं तर गाव काय म्हणेल, ही तिची काळजी. म्हणून ती एका शेतकऱ्याच्या बायकोकडून जाडंभरडं कापड घेऊन स्वतःचे साधे कपडे शिवते. निघायच्या वेळी तीन गाठोडी करते: एक बाईसाहेबांनी दिलेल्याचं, एक मालकाने दिलेल्याचं, आणि एक स्वतःचं. तिसरं तेवढं नेते. ज्या मुलीला नोकरी सोडताना गाठोडी वेगळी करून दाखवावी लागतात, ती काम पुरं करूनच निघणार. चोरीचा आळ यायला कितीसा वेळ लागतो? मालक न्यायदंडाधिकारीही आहे आणि मनात आणलं तर मला तुरुंगात धाडेल, हे पामेलाला पक्कं ठाऊक आहे.

तिला घरी पोचवायला म्हणून निघालेली गाडी घरी जातच नाही. मालकाच्या लिंकनशरमधल्या दुसऱ्या वाड्यात तिला कोंडलं जातं, पहाऱ्याला मिसेस ज्यूक्स नावाची बाई. पामेला कागद, टाक, शाई वेगवेगळ्या ठिकाणी लपवते आणि लिहीतच राहते. पत्रं जात नाहीत, म्हणून रोजनिशी होते. कागद वाढत जातात तसे ती ते कमरेभोवती, आतल्या परकराला शिवून ठेवते.

मग मालक लेखी प्रस्ताव पाठवतो. कलमवार, सात कलमं. 500 गिनी रोख, केंटमधली वर्षाला 250 पौंड उत्पन्नाची जमीन तिच्या नावावर आणि आईबापांच्या देखरेखीखाली, वर दागिने आणि कपडे. बदल्यात लग्नाशिवाय त्याची होऊन राहायचं. एका रकान्यात त्याची कलमं, शेजारच्या रकान्यात पामेलाची उत्तरं, अशी ती पानं छापलेली आहेत. पंधरा वर्षांची मोलकरीण जमीनदाराच्या दस्तऐवजाला कलमागणिक उत्तर देते आहे. कादंबरीत बेशुद्ध पडणं, रडणं, गुडघे टेकणं पुष्कळ आहे आणि ते मला कंटाळवाणं होतं. पण ही दोन रकान्यांची पानं वाचताना मी सरसावून बसले. इथे ती शालीन वगैरे नाही. वकील आहे.

आणि याच पानांनी तिच्यावर सर्वांत मोठा संशय आणला. कादंबरीकार हेन्री फील्डिंगने 1741 च्या एप्रिलमध्ये टोपणनावाने ‘शामेला’ हे ‘पामेला’चं विडंबन काढलं. त्यातली नायिका सगळं नाटक करते, आणि स्वच्छ सांगते की आधी वाटलं होतं देहावर थोडीफार माया जमवू, आता शीलावर गडगंज जमवणार. वाचताना मी खळखळून हसले. पुढच्या वर्षीच्या ‘जोसेफ अँड्र्यूज’मध्ये तर त्याने पामेलाला एक भाऊच दिला. लेडी बूबीच्या घरी तो चाकरीला, बाईसाहेब त्याच्यावर डोळा ठेवून, आणि हा पठ्ठ्या आपलं शील जपतोय! लेडी बूबीला धक्का बसतो तो नकाराचा कमी आणि पुरुषाने शीलाची भाषा करावी याचा जास्त. लंडन हसलं. तोच प्रसंग, तेच घर, तीच मालक-नोकर जोडी. फक्त बाईच्या जागी पुरुष आला आणि शोकांतिकेची फार्स झाली. फील्डिंगला हे दाखवायचं होतं की नाही, कोण जाणे. दाखवलं मात्र त्याने लख्ख.

पण शीलाचा हिशेब मांडल्याचा दोष पामेलाच्या माथी मारणं मला पटत नाही. हिशेब आधीपासून मांडलेलाच होता. डॉ. सॅम्युएल जॉन्सन, ज्यांची ‘रासेलस’ चिपळूणकर पितापुत्रांनी मराठीत आणली ते, 1773 च्या स्कॉटलंड प्रवासात आपला चरित्रकार मित्र बॉझवेल याला म्हणाले होते की जगातली सारी मालमत्ता स्त्रीच्या पातिव्रत्यावर टेकलेली आहे. मेंढी चोरणाऱ्याला आपण फासावर देतो. बाई घसरली तर मेंढ्या, शेत, सगळंच खऱ्या वारसाच्या हातून जातं. इतकं उघडं बोलणारा माणूस मला दांभिकांपेक्षा परवडतो. लग्न झाल्यावर इंग्लंडमधल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची होत होती; तिच्या देहातून कुणाचा वारस येतो यावर जहागिरी ठरत होत्या. आणि मग छपराच्या गवतात चार गिनी लपवणाऱ्या गरिबाच्या मुलीने शीलाची किंमत ओळखली की ती लबाड!

पामेलाचं पुढे काय होतं हे उपशीर्षकातच आहे: शीलाला बक्षीस. बक्षीस म्हणजे मिस्टर बी. तोच. तिचं लग्न त्याच्याशी होतं. हे घडतं कसं, तर तो तिची कागदपत्रं मिळवतो. काही आधीच हाती लागलेली, उरलेली कुठे आहेत ते सांग, नाहीतर मी स्वतः कपडे उतरवून शोधतो, अशी धमकी देऊन. ती खोलीत जाऊन शिवण उसवते आणि कागद देते. तो तळ्याकाठी बसून वाचतो. ज्या तळ्यात ती जीव देणार होती तेच तळं, आणि तीच हकिकत त्याच्या हातात. वाचून त्याचं मन द्रवतं.

तिला चारित्र्याचा दाखला देतो कोण, तर ज्याने घाला घातला तो. पुरावा तिचा, न्यायाधीश तो, आणि शिक्षा कुणालाच नाही. शुद्ध राहणं पुरत नाही, त्याचा लेखी पुरावा तयार ठेवावा लागतो. तो पुरेसा हृदयद्रावक असावा लागतो, शिवाय अक्षरही छान असावं लागतं.

लग्नानंतर नवरोबा उपदेश करतात आणि पामेला त्यातून नियम काढून क्रमवार लिहिते. ते 48 भरतात. त्यातल्या एकात, नवरा चुकलेला दिसला तरी सोसायचं असं आहे, आणि पुढे तिचा शेरा: हे जरा जडच जाईल. एवढ्या एका शेऱ्यासाठी मी तिला बरंच माफ करते.

बक्षिसाच्या गदारोळात एक बाई कोपऱ्यात राहून जाते. सॅली गॉडफ्री. मिस्टर बीने हिला आधी फसवलेलं, तिला मुलगी झालेली. ती जमैकाला निघून जाते, तिथे विधवा म्हणून वावरते आणि लग्न करते; मुलगी इथे बोर्डिंगात, बापाला ‘काका’ म्हणते. पामेला त्या मुलीला मायेने जवळ घेते, आणि आपण मात्र वाचलो म्हणून देवाचे आभार मानते. एकीच्या बक्षिसामागे दुसरीला समुद्रापार पाठवावं लागलं. रिचर्डसन हे पटकन उरकतो.

पुस्तक तुफान चाललं. धर्मगुरूंनी व्यासपीठावरून शिफारस केली, पामेलाची चित्रं असलेले हातपंखे विकले गेले, जोसेफ हायमोरने बारा चित्रांची मालिका रंगवली, आणि सातासमुद्रापार फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या छापखान्यात आवृत्ती काढली. मुलींच्या हाती द्यावं असं पुस्तक! मुलींनी त्यातून काय घ्यायचं होतं, तर दांडगा असला तरी सुधारला की नवरा उत्तम होतो.

हा समज रिचर्डसनलाच पुढे खुपला असावा, कारण ‘क्लॅरिसा’च्या प्रस्तावनेत त्याने नेमका यावरच हल्ला चढवला. 1747-48 मध्ये सात खंडांत आलेली ही कादंबरी अवाढव्य आहे. पाचशेहून जास्त पत्रं. जॉन्सनने म्हटलंच होतं की गोष्टीसाठी रिचर्डसन वाचायला घ्याल तर वैतागून गळफास लावून घ्याल. मी सलग वाचू शकले नाही, महिनोन्महिने पुरवून वाचली. तरी माझ्या मते त्या शतकात एका बाईबद्दल इतकं खोल दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

क्लॅरिसा हार्लो श्रीमंताघरची. आजोबांनी मृत्युपत्रात मिळकत या धाकट्या नातीच्या नावे केली, आणि घर फिरलं. भावाबहिणीचं पित्त खवळलं, बापाने सोल्म्स नावाच्या किळसवाण्या धनिकाशी तिचं लग्न ठरवलं. (मला कायम सोम्याच म्हणावंसं वाटतं.) त्या जाचातून ती लव्हलेस या देखण्या, बुद्धिमान आणि पुरत्या पोचलेल्या माणसाच्या हाती पडते. त्याचा सिद्धान्त असा: बाई एकदा वश झाली की कायमची झाली. तो तिला औषध देऊन बेशुद्ध करतो आणि बलात्कार करतो. शेकडो पानं पाल्हाळ लावणारा हा माणूस त्या रात्रीनंतर मित्राला दोनतीन ओळींची चिठ्ठी धाडतो: आता पुढे जाणं नाही. झालं ते झालं. क्लॅरिसा जिवंत आहे.

आता सगळे तिला लग्न कर म्हणतात. लव्हलेसचे उमराव नातेवाईक, खुद्द लव्हलेस, आणि जिवाभावाची मैत्रीण ॲना हाऊसुद्धा. पामेलाच्या हिशेबात हा सौदा बसतो: झाकलं जाईल, नाव लागेल. क्लॅरिसा नाही म्हणते. माझी इच्छा तेव्हाही नव्हती, आताही नाही. ज्याला मी माणूस म्हणून तुच्छ मानते त्याच्यापुढे शपथ घेऊन मी उभी राहणार नाही. लव्हलेसचा सिद्धान्त तिथे मोडून पडतो. त्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. खरं तर कळतच नाही.

एक वृद्ध पाद्री तिला न्यायालयात जा म्हणतात. तिचं उत्तर थंड आहे. मी त्याच्याबरोबर घरातून निघाले, त्याच्याबरोबर एका छपराखाली राहिले. माझं कोण ऐकेल? सातही खंडांत मला हे पत्र सर्वांत आजचं वाटलं. दाखला देणारा मालक तिने नाकारला, आणि दुसरा कुणी दाखला देणारा तिला दिसला नाही. मग ती शवपेटी मागवते. झाकणावर काय कोरायचं ते स्वतः ठरवते आणि मृत्यूची तारीख घालते 10 एप्रिल, बापाचं घर सोडल्याची. पेटी खोलीत खिडकीजवळ ठेवून तिच्यावर कागद मांडून लिहिते.

खंड हप्त्याहप्त्याने येत होते, आणि लँकेशायरची लेडी ब्रॅडशॉ टोपणनावाने रिचर्डसनला पत्रांवर पत्रं लिहीत होती: तिला मारू नका, लव्हलेसला सुधारा, लग्न लावा. तिच्या बहिणीने तर आपल्यापुरता वेगळा शेवटच लिहून काढला. रिचर्डसन बधला नाही. त्याचं कौतुक वाटतं आणि रागही येतो. हीच लेखणी पामेलाला घर, जमीन, नवरा देऊ शकली होती. ज्या बाईने नवरा नाकारला तिला देण्यासारखं या लेखणीकडे स्वर्गाखेरीज काही नव्हतं.

स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी इंग्रज लेखिका मेरी वोल्स्टनक्राफ्ट हिला रागच आला. 1792 च्या आपल्या ग्रंथात ती रिचर्डसनलाच धरते: लव्हलेसने माझी अब्रू लुटली असं तू क्लॅरिसाच्या तोंडी घालतोस ते कसं? स्वतःच्या संमतीवाचून जी हीन होऊ शकते तिच्या दैन्याला नावच नाही. पुढे नव्वद वर्षांनी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’त आपल्याकडच्या नाटक-कादंबऱ्यांची नावं घेऊन लेखकांना असंच धरलं. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. गोष्टीतल्या बाईसाठी लेखकाशी भांडायला दोघींना सारखाच जोर चढतो, एवढंच.

वोल्स्टनक्राफ्टच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘मारिया’ कादंबरीत जेमायमा येते. मोलकरीण. सोळाव्या वर्षी मालक तिच्यावर बलात्कार करतो, दिवस जातात, मालकीण तिलाच घराबाहेर काढते. पुढे रस्ता, धंदा, धुणीभांडी, चोरी, अनाथालयासारखं ते गरिबांचं कोंडवाडाघर, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पहारेकरणीची नोकरी. लिंकनशरच्या त्या वाड्यात मिस्टर बीला मन द्रवण्याइतकी फुरसत झाली नसती तर पामेलाचं काय झालं असतं, ते इथे लिहिलेलं आहे. वोल्स्टनक्राफ्टने तिला भल्या बाईचं प्रशस्तिपत्र द्यायचा खटाटोप केलेला नाही. जेमायमा कडवट आहे, चोर आहे, आणि स्वतःची हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगते.

याच इस्पितळात मारियाला तिच्या नवऱ्याने डांबलंय, तिची मिळकत हातात राहावी म्हणून. त्याआधी पैशांच्या बदल्यात मित्राला द्यायलाही निघाला होता. सुटल्यावर ती न्यायालयात लेखी निवेदन देते: मी या माणसाला का सोडलं, दुसऱ्याबरोबर का राहिले. ते वाचलं जातं. न्यायाधीश म्हणतात, लग्नाची शपथ मोडायला बायकांना भावनांची सबब सांगू देणं चुकीचं आहे.

1797 मध्ये बाळंतपणानंतर वोल्स्टनक्राफ्ट गेली. पुढच्या वर्षी नवरा विल्यम गॉडविन याने ही अपुरी कादंबरी छापली आणि तिचं चरित्रही लिहिलं. त्यात तिची आधीची प्रेमप्रकरणं, लग्नाबाहेर झालेली मुलगी, सगळं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. बायकोवरच्या प्रेमापोटी केलेलं इतकं घातक काम माझ्या तरी वाचनात नाही. त्याच 1798 सालच्या ‘अँटी-जॅकोबिन रिव्ह्यू’ या सनातनी नियतकालिकाच्या खंडाला शेवटी विषयसूची आहे. तीत ‘वेश्याव्यवसाय’ या नोंदीपुढे लिहिलंय: पाहा, मेरी वोल्स्टनक्राफ्ट.